समता, जरा आणि जुना हेडफोन

‘इक्वलायझर’ हा शब्द मराठीत दुकानदारांच्या तोंडून आला, आणि आला तेव्हाच त्याचा अर्थ मागे राहिला होता. टू-इन-वनच्या दर्शनी भागावर पाच सरकत्या पट्ट्या, त्यांच्याखाली १००, ३३०, १०००, ३३०० आणि १०,००० असे आकडे, आणि पट्ट्या वर ढकलल्या की गाणे ‘भारी वाजते’ ही खात्री, एवढ्यावर त्याची ओळख संपे. शब्दाचा सरळ अर्थ मात्र ‘समान करणारा’ असा आहे. कशाशी समान, हा प्रश्न त्या पट्ट्या सरकवताना कुणाला पडत नसे. जुना हेडफोन पुन्हा ऐकण्याजोगा करण्याच्या खटपटीत हा प्रश्न टाळता येत नाही. आणि एकदा विचारला की तो हेडफोनपाशी थांबतही नाही. आपल्या जुन्या गायकांना आपण इतकी वर्षे नेमके काय म्हणून ऐकत आलो, इथपर्यंत तो जातो.

या साधनाचा जन्म संगीतासाठी झालेला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी टेलिफोनच्या तारा जसजशा लांब होऊ लागल्या तसतसे अभियंत्यांच्या लक्षात आले, की तार सर्व स्वरांना सारखे वागवत नाही. लांब तारेत वरच्या कंपनसंख्या अधिक झिजतात आणि पलीकडे पोचणारे बोलणे गोधडीत तोंड घालून बोलल्यासारखे होते. हा दोष मोजता येत होता, आणि मोजता येत होता म्हणूनच उलटवताही येत होता. तारेने जिथे जेवढे कमी केले, तिथे तेवढे शेवटच्या टोकाला भरून द्यायचे, म्हणजे इकडून निघालेले आणि तिकडे पोचलेले समान होईल. मूळ कल्पना शृंगाराची नव्हे, परतफेडीची. पुढे हीच युक्ती रेडिओत, बोलपटात, ध्वनिमुद्रिकांत गेली. १९५२ साली पीटर बॅक्झंडॉल या इंग्रज अभियंत्याने ‘वायरलेस वर्ल्ड’ या मासिकात खर्ज आणि तार यांच्या दोन वेगळ्या बटणांचे सुटसुटीत मंडल प्रसिद्ध केले. घरगुती यंत्रांवर आपण जी ‘बेस’ आणि ‘ट्रेबल’ची जोडी पाहिली तिच्यामागे बहुतेक ठिकाणी तेच मंडल, किंवा त्याचे भाऊबंद, असते. येथून दुरुस्तीचे हत्यार श्रोत्याच्या हाती आले, आणि हाती येताच ते हत्यार राहिले नाही, मिठाची वाटी झाले.

वऱ्हाडच्या कानाचा इतिहास या मोठ्या इतिहासाहून थोडा वेगळा आहे. २३ जुलै १९२७ रोजी लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्राचे उद्घाटन झाले तेव्हा त्या केंद्राची शक्ती अवघी दीड किलोवॉट होती. विजेवाचून चालणाऱ्या साध्या स्फटिकसंचावर ते ऐकायचे तर कानाला हेडफोन लावण्यावाचून गत्यंतर नसे, आणि तेही मुंबईच्या आसपासच्या मुलखातच. म्हणजे आपल्याकडे कित्येकांचे रेडिओ ऐकणे ध्वनिवर्धकाने नव्हे, हेडफोनने सुरू झाले. एकट्याने कान झाकून ऐकणे ही वॉकमनने १९७९ साली आणलेली विकृती आहे असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. त्या काळचा हेडफोन म्हणजे टेलिफोनचे दोन कर्णे पोलादी पट्टीला जोडलेले. अमेरिकेत नॅथॅनिएल बाल्डविनने १९१० च्या सुमारास नौदलासाठी घरच्या स्वयंपाकघरात बनवून दिले त्याच कुळीतले. पातळ लोखंडी चकती चुंबकासमोर थरथरे, आणि तिच्या स्वतःच्या लाडक्या कंपनसंख्येवर जरा अधिकच थरथरे, त्यामुळे प्रत्येक आवाज डब्यातून आल्यासारखा होई.

वाशिम त्या वेळी अकोला जिल्ह्यातला तालुका होता (१९०५ पर्यंत तो स्वतंत्र जिल्हा होता, आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा झाला). मुंबईचे ते क्षीण प्रक्षेपण स्फटिकसंचावर इथवर येण्याचा प्रश्नच नव्हता. विदर्भाला स्वतःचे केंद्र मिळाले ते १९४८ साली, नागपूरचे. आणि तेही आमच्यापासून चांगले लांब. मध्यम लहरींवर शेजारशेजारच्या केंद्रांमध्ये नऊ-दहा किलोहर्ट्झचेच अंतर ठेवलेले असते, त्यामुळे प्रत्यक्ष आवाजाच्या वाट्याला जेमतेम साडेचार-पाच किलोहर्ट्झपर्यंतची जागा येते. त्यात पावसाळ्याच्या रात्री आकाशातली कडकड मिसळे, आणि ती सुसह्य व्हावी म्हणून ‘टोन’चे बटण डावीकडे फिरवले जाई, म्हणजे उरलेसुरले तारस्वरही कापले जात. आमच्या आधीच्या दोन पिढ्यांनी किशोरीताईंपासून भीमसेनांपर्यंत जे ऐकले ते प्रामुख्याने या झरोक्यातून. झरोका वाईट होता असे आमचे म्हणणे नाही. मनुष्याचा कंठ ज्या पट्ट्यात राहतो तो पट्टा त्यात बहुतांशी सुखरूप येत असे.

त्याच्या नेमके उलट कॅसेटने केले. १९८० नंतर कॅसेट खेड्यापाड्यांत पोचली. बसस्थानकाबाहेरची दुकाने, पोहरादेवीच्या यात्रेतली राहुटी, काळीपिवळीच्या चालकाच्या डोक्यामागे ठेवलेले दोन भोंगे. तेथे इक्वलायझरच्या पट्ट्यांची आकृती ठरलेली असे: दोन्ही टोके वर, मध्य खाली, उताणी पडलेली चंद्रकोर. गलबल्यात लहान भोंग्यातून ‘ढम’ आणि ‘छन्’ ऐकू यावे म्हणून ती सोय होती, आणि सोय म्हणून ती समजण्यासारखी आहे. पण मधल्या पट्ट्या, म्हणजे साधारण ३०० ते ३००० हर्ट्झ, हेच तर गाणाऱ्याचे घर. चंद्रकोरीने गायकाला ओसरीवरून उचलून मागच्या खोलीत नेऊन बसवले, आणि हळूहळू आपल्याला तो तिथेच शोभतो असे वाटू लागले. पुढे हेडफोन बनवणाऱ्यांनी ही चंद्रकोर आतच घालून द्यायला सुरुवात केली. आज पंधरावीस वर्षे जुना असा कोणताही स्वस्त हेडफोन उचलावा, तिची छाप बहुधा सापडतेच.

येथे एक आडवाट घ्यावी लागते, आणि ती आमच्या गावातूनच जाते. वाशिम म्हणजे जुने वत्सगुल्म. इसवी सन ९०० च्या सुमारास राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त एक रूपककथा सांगितली आहे. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रुसून निघतो. त्याला वश करण्यासाठी गौरीने निर्माण केलेली साहित्यविद्या त्याच्या मागोमाग देशोदेशी फिरते, आणि ज्या त्या देशात तिच्या वेषाची, नृत्याची, बोलण्याची जी तऱ्हा होते तीच त्या देशाची रीती ठरते. पूर्वेकडे तो बधत नाही. अखेर विदर्भात, वत्सगुल्म नगरात, त्या दोघांचा गांधर्वविवाह होतो. वैदर्भी रीतीची ही कुळकथा. या रीतीचे गुण दंडीने राजशेखराच्या दोनएकशे वर्षे आधी ‘काव्यादर्शा’त मोजून ठेवले होते, दहा, आणि त्यांतला एक आहे ‘समता’.

अर्थ नव्हे, वर्णांचा नाद हा समतेचा विषय आहे. दंडी वर्णरचनेचे तीन पोत मानतो: मृदु, स्फुट आणि मध्यम, आणि म्हणतो की एकदा जो पोत धरला तो मध्येच धक्का देऊन सोडू नये. पूर्वेकडची, म्हणजे गौडांची, वाट मात्र या विषमतेकडे लक्ष न देता अर्थ आणि अलंकार यांच्या आडंबरावर नजर ठेवून वाढली, असा त्याचा किंचित टोमणाही आहे. (बंगाली मित्रांनी राग मानू नये, वाद तेराशे वर्षांपूर्वीचा आहे, आणि दंडीही बंगालचा नव्हता की विदर्भाचा, तो दक्षिणेचा.) चंद्रकोर ही गौडी आणि सरळ रेषा ही वैदर्भी, असे म्हणून टाळी घेण्याचा मोह होतो. पण ते दंडीवर अन्याय करणारे होईल. सगळे वर्ण एकाच वजनाचे करा असे तो म्हणत नाही; मृदु, स्फुट, मध्यम तिन्ही त्याला चालतात. त्याला नको आहे तो अकारण धक्का. समता म्हणजे सपाटपणा नव्हे. हेडफोनच्या बाबतीत हा भेद अक्षरशः उपयोगी पडतो.

कारण हेडफोनला ‘सपाट’ असे काही नसतेच. समोर बसलेल्या माणसाचे गाणे आपल्या कानाच्या पडद्यापर्यंत पोचते तेव्हा डोके, कानाची पाळी आणि कानाची नळी यांनी त्याला आधीच आकार दिलेला असतो. नळी सुमारे अडीच सेंटीमीटर लांबीची, एका बाजूने बंद. तिचा स्वतःचा नाद ३००० हर्ट्झच्या आसपास पडतो आणि त्या जागी दहाबारा डेसिबलची उभारी आपल्याला जन्मतःच मिळालेली असते. ती आपण कधी ‘ऐकत’ नाही, कारण तिच्यावाचून कधी काही ऐकलेलेच नाही. हेडफोन पाळीवर किंवा पाळीभोवती बसतो आणि या नैसर्गिक घडणीत ढवळाढवळ करतो, म्हणून ती उभारी त्याला स्वतःकडून द्यावी लागते. यंत्राने मोजलेली रेषा सरळ असलेला हेडफोन कानाला मेलेला वाटतो तो यामुळे. तेव्हा प्रश्न सरळ रेषेचा नाही, धक्क्यांचा आहे: कुठे अचानक उंचवटा आहे, कुठे खड्डा.

आमच्या हाताशी असलेला हेडफोन सुमारे वीस वर्षांचा आहे, बंद पाठीचा, मध्यम किमतीचा. कंपनीचे नाव सांगण्यात अर्थ नाही. त्याच्या वार्धक्यात तिचा काही दोष नाही. विदर्भातले वीस उन्हाळे कोणत्याही फोमला पुरून उरतात. अशा हेडफोनपाशी बसताना पहिले काम इक्वलायझरचे नसतेच, गाद्यांचे असते. कानाभोवतीची गादी चिरली किंवा दबून चपटी झाली की तिच्या फटीतून खर्ज गळतो. १५०-२०० हर्ट्झच्या खालचा आवाज कानापर्यंत दाब धरूच शकत नाही. त्या वेळी इक्वलायझरमध्ये खर्ज दहा डेसिबल वाढवणे म्हणजे फुटक्या घागरीत जोराने पाणी ओतणे. पडदा अधिक हलतो, आवाज फाटतो, कानाला मिळत काहीच नाही. गाद्या शंभर-दोनशे रुपयांत मिळतात, आणि त्या बदलल्यावर निम्म्या तक्रारी आपोआप मिटतात. डोक्यावरची पट्टी सैल पडली असेल तर तीही थोडी वाकवून घ्यावी; कारण तेच.

मग डावे-उजवे. दोन्ही बाजूंना एकच एकसुरी भाषण द्यावे (बातमीपत्र उत्तम) आणि डोळे मिटून पाहावे की वक्ता कपाळाच्या मध्यावर उभा आहे का. जुन्या हेडफोनमध्ये तो अनेकदा एका कानाकडे सरकलेला असतो. तेवढे डेसिबल त्या बाजूचे कमी करावेत. कमी करावेत, दुसरीकडचे वाढवू नयेत: हा नियम पुढे सर्वत्र लागू आहे. अंकीय ध्वनीला वर एक पक्के छत असते, आणि वाढवलेला कोणताही स्वर त्याला डोके आपटून फाटतो. म्हणून एकूण पातळी आधीच पाचसहा डेसिबलने खाली आणून ठेवावी आणि मगच कुठे वाढवायचे असेल तर तेवढ्या मर्यादेत वाढवावे.

यापुढे पाच पट्ट्यांचे यंत्र अपुरे पडते, कारण दोष नेमका त्या पाच आकड्यांवर येऊन बसण्याचे सौजन्य दाखवत नाही. ‘पॅरामेट्रिक’ प्रकारात, ज्याची कल्पना १९७२ साली जॉर्ज मॅसनबर्गने ध्वनि-अभियंत्यांपुढे शोधनिबंध वाचून मांडली, तीन गोष्टी हातात असतात: कोणती कंपनसंख्या, किती डेसिबल, आणि पसारा किती अरुंद किंवा रुंद. संगणकावर हे आज फुकट मिळते. २० हर्ट्झपासून हळूहळू चढत जाणारा एकच शुद्ध स्वर लावावा आणि तो चढताना कुठे एकाएकी कानात टोचतो ते टिपून ठेवावे. आमच्या हेडफोनात तो ६२०० च्या आसपास चांगलाच टोचत होता. तिथे अरुंद पसाऱ्याची पाच डेसिबलची कपात केली आणि सूर निमूटपणे वर निघून गेला.

हा उंचवटा बोलण्यात कुठे दिसतो ते पाहणे मौजेचे आहे. मराठीत ‘चाक’ आणि ‘चार’ यांतले ‘च’ लिहायला एक, बोलायला दोन: पहिला दंत्य, दुसरा तालव्य. ‘जरा’ हा शब्द तर दंत्य उच्चारला तर ‘थोडेसे’ आणि तालव्य उच्चारला तर ‘म्हातारपण’. दंत्य उच्चारातला घासल्याचा आवाज तालव्याहून वरच्या पट्टीत, पाच हजारांच्या पुढे, भरतो. ६२०० ला उंचवटा असलेल्या हेडफोनात दंत्य ‘च’ आणि ‘स’ प्रत्येक वेळी पुढे उडी मारतात; तिथे खड्डा असेल तर ‘चाक’ आणि ‘चार’ यांतले अंतर पुसट होते. हेडफोन पारखण्यासाठी इंग्रजी गाण्यांची यादी शोधत बसण्यापेक्षा मराठी नाटकाचे चांगले ध्वनिमुद्रण लावावे. आपल्या भाषेत हा धक्का कुठे आहे आणि कुठे नाही, हे आपल्या कानाला उपजत ठाऊक असते. दंडीची कसोटी याहून फार वेगळी नसावी.

आणखी एक सूचना. सगळी जुळवाजुळव एकाच पातळीवर ऐकत करावी. कानाची खर्जाविषयीची संवेदना आवाज हळू केला की मधल्या स्वरांपेक्षा लवकर मंदावते. हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवले आहे. रात्री घरचे झोपल्यावर हळू आवाजात बसवलेला हेडफोन दुपारी मोठ्याने ऐकला तर खर्जाने दणाणतो, तो बिघडलेला नसतो.

आता पुन्हा तो पहिला प्रश्न: कशाशी समान? टेलिफोनच्या तारेला दुसरे टोक होते. हेडफोनचे दुसरे टोक कोणते? गेल्या दशकात याला सर्वांत गाजलेले उत्तर अमेरिकेतील हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. त्यांनी अनेक श्रोत्यांना निरनिराळ्या आकाराचे ध्वनी ऐकवून, बहुसंख्यांना जो आवडला त्याची एक लक्ष्यरेषा काढली. आज हजारो हेडफोनांची मोजमापे आणि त्यांना त्या रेषेवर आणणारे आकडे कुणालाही विनामूल्य मिळतात. आपला हेडफोन नावाजलेला असेल तर ते आकडे उतरवून घ्यावेत, वेळ वाचतो. काम प्रामाणिक आहे यात शंका नाही. पण ते अखेर आवडीचे सरासरीकरण आहे, आणि निरनिराळ्या देशांच्या श्रोत्यांची आवड ताडून पाहणाऱ्या त्यांच्या चाचणीत अमेरिका, कॅनडा, जर्मनी आणि चीन होते, आपण नव्हतो. तबल्याच्या डग्ग्याची घुमार किती हवी हे पाश्चात्त्य सुगम संगीताच्या ढोलावरून ठरवता येईल, असे आम्हाला वाटत नाही.

आमचे स्वतःचे दुसरे टोक तानपुरा आहे. ज्याने तो समोर बसून ऐकला आहे, त्याला तो कसा वाजतो हे शिकवावे लागत नाही. शिवाय इतक्या साध्या छेडण्यातून इतक्या विस्तृत पट्ट्यात नाद पसरवणारे दुसरे वाद्य नाही. काळी एक पट्टीतल्या तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झवर असतो, जोडीच्या तारा १३९ वर, आणि जवारीमुळे त्यांचे उपस्वर काही हजारांपर्यंत झणझणत जातात. हे का होते ते सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तानपुरा आणि वीणा यांच्या घोडीवर निबंध लिहून दाखवले: वक्र घोडीवर तार टेकते-सुटते, आणि ज्या जागी छेडली त्या जागेच्या हिशेबाने जे उपस्वर उमटायलाच नकोत तेही उमटतात. हेडफोनात तानपुरा लावावा. खर्जाची तार नुसती धपकत असेल तर शंभराच्या आसपास कपात हवी. जवारी पत्र्यासारखी वाजत असेल तर तीन ते सहा हजारांत. आणि चारही तारा एकमेकींत विरघळून एक अखंड फिरते वर्तुळ ऐकू येऊ लागले की हात काढून घ्यावा. आठवडाभर तरी पुन्हा हात लावू नये, कानाला सवय होऊ द्यावी. हे मोजमाप नव्हे हे आम्हाला मान्य आहे. पण ते कुणाच्या तरी आवडीची सरासरीही नव्हे.

अशा बसवलेल्या हेडफोनात मग जुन्या तबकड्या ऐकायला घ्याव्यात, आणि येथे खरा गुंता सुरू होतो. कारण आता हेडफोन बाजूला झाला तरी तबकडीचा स्वतःचा आकार उरतोच. १९०२ साली फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला तेव्हापासून १९२५ नंतर विद्युत-ध्वनिमुद्रण येईपर्यंत सगळे गाणे एका कर्ण्यात गाइले गेले. मायक्रोफोन नाही, गायकाच्या श्वासाच्या जोरावरच सुई मेणात चर पाडी. कर्णा आणि पडदा मिळून साधारण दोनशेपासून दोन-अडीच हजारांपर्यंतचा पट्टा पकडत, आणि त्यातही कर्ण्याची स्वतःची घुमणी दोनतीन जागी मिसळे. ‘जुने लोक नाकात गात’ हे आपल्याकडे फार सहजपणे केले जाणारे विधान आहे. त्यातले कितीतरी नाक कर्ण्याचे आहे. अब्दुल करीम खाँ (मृत्यू १९३७) कर्ण्याच्या काळातही मुद्रित झाले आणि तिसाव्या दशकात मायक्रोफोनपुढेही. दोन्ही एकापाठोपाठ ऐकल्यावर त्यांच्या आवाजाचा बारीकपणा खरा किती आणि उसना किती याचा थोडा अदमास येतो. बालगंधर्वांचेही तसेच. संगीतसमीक्षेत हे दोन काळ वेगळे न काढता ‘त्यांचा आवाज’ असे एकवचनी बोलले जाते, ते आम्हाला गैर वाटते.

विद्युत-मुद्रणाच्या तबकड्यांची फसवणूक निराळी. १९५४ साली अमेरिकी ध्वनिमुद्रिका-उत्पादकांच्या संघटनेने एक समान वक्र ठरवला: मुद्रण करताना खर्ज दाबायचा, तार उचलायची, आणि वाजवताना बरोबर उलटे करायचे. पुढे सगळे प्रवर्धक त्या वक्राने बांधले गेले. पण त्याआधीच्या ७८ फेऱ्यांच्या बहुतेक तबकड्यांत तार उचललेलीच नव्हती. त्या नव्या प्रवर्धकावर वाजवल्या की न दिलेले कर्ज वसूल केले जाते: २००० हर्ट्झला अडीच, ५००० ला आठ डेसिबल नाहक कापले जातात, आणि ४०० च्या खाली चारपाच डेसिबल फुकट वाढतात. गाणे पुन्हा गोधडीत शिरते. घरोघरी संगणकावर उतरवून घेतलेल्या कितीतरी जुन्या मराठी नाट्यपदांची हीच अवस्था आहे. ऐकणारा म्हणतो, तबकडी झिजली. तबकडी झिजलेली असतेही, पण हा दोष झिजेचा नाही, आणि म्हणूनच तो उलटवता येतो. खालून पाच डेसिबल काढावेत, दीड-दोन हजारांपासून हळूहळू चढत सहा हजारांपर्यंत सातआठ द्यावेत, आणि तिथे थांबावे. त्यावर तबकडीत गाणे नाही, नुसती खरखर आहे. एवढ्याने हिराबाई बडोदेकरांच्या एखाद्या पदातली व्यंजने जागी होतात. त्या शब्द खाऊन गात, असे मानणाऱ्याने हे करून पाहावे.

जे मुद्रितच झाले नाही ते मात्र कोणत्याही पट्टीने येत नाही. कर्ण्याच्या काळातल्या तबकडीत ६९ हर्ट्झ कितीही वाढवला तरी तिथे तानपुऱ्याचा खर्ज नाही, तबकडीच्या फिरण्याची घरघर आहे. वत्सगुल्माच्या वाकाटक शाखेचा संस्थापक राजा सर्वसेन याने चौथ्या शतकात ‘हरिविजय’ हे प्राकृत महाकाव्य लिहिले. आनंदवर्धनाने त्याचा निर्देश केला, कुंतकाने त्याच्या कर्त्याला कालिदासाच्या पंक्तीला बसवले, भोजाने त्यातले श्लोक उद्धृत केले. काव्य मात्र हरवले. आज जे हाती आहे ते या अवतरणांतून वेचलेले. त्यावरून कथा कळते: कृष्णाने सत्यभामेसाठी पारिजात आणला. मधले सर्गच्या सर्ग कुणी रचून घालू लागला तर आपण त्याला संपादक म्हणणार नाही. ध्वनीच्या बाबतीत मात्र हे सर्रास चालते. खरखर काढून टाकणारी नवी यंत्रणा खरखरीबरोबर जवारीही खरवडून काढते, मग त्या पोकळीत कृत्रिम घुमार भरली जाते, आणि ‘पुनरुज्जीवित’ अशी चिठ्ठी लावून ते विकले जाते. त्यापेक्षा खरखरीसकट ऐकावे. कानाची एक करामत अशी की उपस्वर ऐकू आले की नसलेला मूळ स्वर तो स्वतःच जुळवून घेतो. कर्ण्यातल्या पुरुषाचा आवाज पुरुषाचाच वाटतो तो त्यामुळे. जे काम कान आपणहून करतो ते त्याच्याकडून काढून घेण्याचे कारण नाही. भास्करबुवा बखल्यांसारख्याची तर एकही तबकडी नाही. तेथे कानही काय करणार?

कारंजा वाशिमपासून फार लांब नाही. तेथल्या जैन भांडारांत शतकानुशतके पडून राहिलेल्या अपभ्रंश पोथ्यांवरून १९३१ पासून पुढे काही ग्रंथ कारंजाच्याच ग्रंथमालांत निघाले. पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ प. ल. वैद्यांनी संपादले, ‘णायकुमारचरिउ’ आणि ‘करकंडचरिउ’ हिरालाल जैनांनी. या संपादकांची शिस्त अशी, की निवडलेला पाठ वर छापायचा आणि नाकारलेले पाठ पोथीच्या खुणेसह तळाशी. पुढच्या वाचकाला संपादकाशी भांडता यावे ही त्यात सोय असते. ध्वनिमुद्रणाशी आम्ही आता तसेच वागतो. तबकडीवरून उतरवलेली मूळ फाइल तशीच, वक्र न लावता, वेगळी ठेवायची. तबकडीसाठी केलेल्या दुरुस्तीचे आकडे एका कागदावर, हेडफोनसाठी केलेल्या दुरुस्तीचे दुसऱ्यावर, आणि दोहोंची सरमिसळ होऊ द्यायची नाही, कारण पहिले तबकडीचे आहेत आणि दुसरे फक्त या एका, गाद्या बदललेल्या, वीस वर्षांच्या हेडफोनचे. हेडफोन मोडला की तो दुसरा कागद फाडून टाकता येतो.